शिक्का संस्थेचा, सावधगिरी मात्र नागरिकाची

एखाद्या बँकेच्या, विद्यापीठाच्या किंवा सरकारी खात्याच्या नावाने खोटी ई-मेल धाडून कोणाला गंडा घातला गेला की, त्यानंतर घडणाऱ्या गोष्टींचा क्रम आता ठरून गेला आहे. पोलिसांत तक्रार नोंदली जाते, या पत्राशी आपला काहीही संबंध नाही असा खुलासा संबंधित संस्था प्रसिद्ध करते, आणि अखेरीस नागरिकांनी सावध राहावे असे आवाहन करण्यात येते. या आवाहनात वावगे काही नाही. परंतु ज्या संस्थेचे नाव वापरून फसवणूक झाली, तिने आपले नाव सांभाळण्यासाठी काय केले होते, हा प्रश्न या साऱ्या क्रमात कोणी विचारीत नाही. निवृत्त शिक्षकाने निवृत्तिवेतनाविषयी आलेल्या पत्रातील पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा, विद्यार्थ्याने परीक्षा शुल्काच्या मागणीची शहानिशा करावी, लिपिकाने साहेबांच्या नावाने आलेल्या आदेशाकडे संशयाने पाहावे, अशी अपेक्षा बाळगली जाते. संस्थेकडून मात्र खुलाशापलीकडे कशाचीच अपेक्षा नसते.

खरी अडचण अशी की, पुष्कळदा नागरिकाने कितीही सावधगिरी बाळगली तरी ती व्यर्थ ठरते. बनावट पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे असेल तर तीक्ष्ण नजरेचा वाचक ते हेरू शकेल. पण पत्र पाठविणाऱ्याच्या जागी संस्थेचाच अस्सल पत्ता जसाच्या तसा असेल, तर वाचकाने तपासायचे काय? ई-मेलच्या मूळ रचनेत असा पत्ता कोणालाही घालता येतो. तो खरा की खोटा याचा निवाडा वाचकाचा डोळा करू शकत नाही. पत्र स्वीकारणारा संगणक तो करू शकतो. पण तोही तेव्हाच, जेव्हा त्या नावाच्या मालकाने निवाड्याची साधने आधी जाहीर करून ठेवलेली असतील. ही साधने म्हणजे संस्थेच्या डोमेनच्या नावे करावयाच्या तीन नोंदी. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी त्यांची नावे आहेत. त्या अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत आणि त्या प्रसिद्ध करण्यास कोणाचा परवाना लागत नाही. अशा स्थितीत त्या न करणे किंवा अर्धवट करून ठेवणे याला सार्वजनिक कर्तव्यातील कसूर असेच म्हटले पाहिजे.

विश्वासावर उभी राहिलेली व्यवस्था

ही उणीव मुळात आली कोठून, हे पाहण्यासारखे आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची सोय केली, आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये घालण्यासाठी आज सर्वपरिचित असलेले ‘अॅट’चे चिन्ह निवडले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रांच्या देवघेवीची जी नियमावली लिहिली, तिच्याच पायावर आजची ई-मेल उभी आहे. त्या काळी या जाळ्यात प्रामुख्याने विद्यापीठे, संशोधन संस्था आणि अमेरिकी संरक्षण खात्याशी संबंधित कचेऱ्या होत्या. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या त्या वर्तुळात ‘हे पत्र अमक्याकडून आले आहे’ असे पाठविणाऱ्या संगणकाने सांगावे आणि घेणाऱ्याने ते मान्य करावे, एवढे पुरेसे होते. खोटे बोलणारा कोणी येईल ही कल्पना त्या रचनेत नव्हती. पुढे तीच रचना अब्जावधी माणसांच्या व्यवहाराचे साधन बनली.

ई-मेललाही कागदी पत्राप्रमाणे लिफाफा असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लिफाफ्यावरचा प्रेषक वेगळा आणि आतील पत्राच्या शिरोभागावरचा प्रेषक वेगळा असू शकतो. संगणक एकमेकांशी बोलताना लिफाफा पाहतात. वाचकाला मात्र फक्त आतला शिरोभाग दिसतो. लिफाफ्यावर स्वतःचे नाव आणि आतल्या कागदावर बँकेचे नाव लिहिण्यास १९८२ च्या नियमावलीत कोणतीही आडकाठी नव्हती. लबाडांनी पुढे जो उद्योग मांडला, त्याचे मूळ या दुहेरीपणात आहे.

कागदाच्या बाबतीत आपल्या कचेऱ्यांनी असा भाबडेपणा कधी दाखविला नाही. पत्र बाहेर पडते तेव्हा जावक नोंदवहीत त्याची नोंद होते, क्रमांक पडतो, अधिकाऱ्याची सही होते आणि गोल शिक्का उठतो. यांपैकी एक गोष्ट राहिली तरी समोरच्या कचेरीतील आवक लिपिक ते पत्र परत करू शकतो. त्याच कचेरीची ई-मेल मात्र अनेकदा सही-शिक्क्याविना जगभर फिरते आणि तिच्या नावाने दुसऱ्या कोणी पत्र धाडले तर ते ओळखण्याची सोय घेणाऱ्यापाशी नसते. कागदावरच्या शिक्क्यासाठी एवढा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेने संगणकावर येताच तो सोडून द्यावा, हे आश्चर्यच होय.

यादी, शिक्का आणि आदेश

या तिन्ही नोंदींचा आधार एकच आहे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली डोमेन नावांची पद्धत ही जाळ्यातील जाहीर नामसूची आहे. एखाद्या नावाखाली काय लिहावयाचे याचा अधिकार त्या नावाच्या मालकाला असतो आणि लिहिलेले कोणालाही वाचता येते. तोतयाला पत्राच्या शिरोभागी संस्थेचे नाव लिहिता येईल, पण संस्थेच्या नावाखालील नोंद सहजासहजी बदलता येणार नाही. तेव्हा खऱ्याखोट्याची खूण याच सूचीत ठेवावी, हा विचार पुढे आला.

पहिली नोंद एसपीएफची. मेंग वेंग वाँग यांच्या पुढाकाराने २००३-०४ च्या सुमारास ती आकाराला आली, २००६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०१४ मध्ये सुधारून ती प्रसिद्ध झाली. कचेरीची टपाल नेण्याचा अधिकार कोणत्या शिपायांना आहे याची यादी दारावर लावावी, तसे तिचे स्वरूप आहे. आपल्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे ते संस्था या ओळीत लिहिते. ओळीच्या शेवटी ‘बाकीचे सर्व’ या अर्थाचा शब्द असतो आणि त्याच्या आधीच्या एका चिन्हावर सारे अवलंबून असते. तेथे उणे चिन्ह असेल तर बाकीच्यांना अधिकार नाही असे निःसंदिग्धपणे जाहीर होते. नागमोडी चिन्ह असेल तर ‘बहुधा नाही’ एवढाच अर्थ निघतो. आणि कोणी निष्काळजीपणे अधिक चिन्ह लिहिले तर जगातील प्रत्येक संगणकाला त्या संस्थेच्या नावाने लिहिण्याची मुभा मिळते. एका डोमेनसाठी अशी एकच ओळ असावी लागते. नव्या ठेकेदाराने जुनी ओळ तशीच ठेवून दुसरी घातली की दोन्ही निरुपयोगी ठरतात. शिवाय ही ओळ उलगडताना नामसूचीत दहापेक्षा अधिक वेळा शोध घ्यावा लागला तर तपासणी फसते. दिसेल त्या सेवेचे नाव यादीत घालणाऱ्या संस्थांना हा नियम उशिरा कळतो. एसपीएफची मुख्य मर्यादा अशी की ती लिफाफा तपासते, आतला कागद नव्हे.

दुसरी नोंद डीकेआयएमची. याहू आणि सिस्को या कंपन्यांनी स्वतंत्रपणे केलेले प्रयत्न एकत्र करून ती तयार झाली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे संस्थेचा सर्व्हर प्रत्येक पत्रावर गणिती शिक्का उठवितो. शिक्का उठविण्याची गुप्त किल्ली त्याच्यापाशीच राहते; तो पडताळण्याची जाहीर किल्ली नामसूचीत ठेवलेली असते. वाटेत मजकुरात किंवा शिक्क्याखाली घेतलेल्या शीर्षओळींत फेरफार झाला तर शिक्का जुळत नाही. मराठेशाहीतील पत्रांत आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मजकूर येथे संपला, याच्याखाली कोणी काही वाढवू नये, ही मोर्तबाची ग्वाही होती. त्या दफ्तराची जाण डीकेआयएमच्या काही वापरकर्त्यांना असती तर बरे झाले असते. कारण मजकुराच्या ठरावीक लांबीपुरताच शिक्का उठविण्याची एक सवलत या पद्धतीत आहे, आणि ती घेतली तर शिक्का न मोडता पत्राच्या शेवटी हवे ते जोडता येते. शिक्का आहे पण मोर्तब नाही, अशी ती स्थिती होय. म्हणूनच जाणकार ही सवलत टाळावयास सांगतात.

शिक्का असणे आणि तो मजबूत असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचा धडा खुद्द गुगल कंपनीला मिळाला आहे. एका अमेरिकी गणितज्ञाला त्या कंपनीकडून नोकरीविषयी पत्र आले. ते बनावट असावे अशा शंकेने त्याने तपासले, तेव्हा कंपनीची डीकेआयएम किल्ली केवळ ५१२ बिटांची असल्याचे त्याच्या ध्यानात आले. भाड्याने घेतलेल्या संगणकशक्तीच्या बळावर, सुमारे ७५ डॉलर खर्चून, त्याने ती तीन दिवसांत फोडली आणि कंपनीच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला पत्र धाडले. ही कथा ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कंपनीने किल्ली तत्पूर्वीच बदलून २०४८ बिटांची केली होती. जगातील एका बलाढ्य संगणक कंपनीची ही अवस्था झाली, तर एकदा किल्ली बसवून दहा वर्षे तिकडे न पाहणाऱ्या कचेऱ्यांचे काय होणार, हे सांगावयास नको.

तिसरी नोंद डीमार्कची. पेपाल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, याहू आदी कंपन्यांच्या गटाने ती जानेवारी २०१२ मध्ये पुढे आणली आणि मार्च २०१५ मध्ये तिचा मसुदा रीतसर प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन नोंदींतील पळवाट ती बंद करते. वाचकाला दिसणारे नाव हे यादीने किंवा शिक्क्याने सिद्ध झालेल्या नावाशी जुळलेच पाहिजे, अशी तिची अट आहे. लिफाफ्यावर स्वतःचे खरे नाव आणि आत बँकेचे नाव ही जुनी युक्ती येथे चालत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, न जुळणाऱ्या पत्राचे काय करावे याचा स्थायी आदेश संस्था या नोंदीत देते. आदेश तीन प्रकारचे असतात. ‘रिजेक्ट’ म्हणजे पत्र नाकारावे. ‘क्वारंटाइन’ म्हणजे ते संशयितांच्या खणात टाकावे. ‘नन’ म्हणजे काहीच करू नये. फक्त काय घडते ते कळवावे.

अखंड चालणारी पाहणी

‘नन’ हा आदेश अर्थशून्य नाही. संस्थेच्या नावाने नेमके कोण कोण पत्रे पाठविते, हे संस्थेलाच पुष्कळदा ठाऊक नसते. कचेरीचा मुख्य सर्व्हर असतो. पण प्रवेश अर्जांचे काम एका ठेकेदाराकडे, वेतनचिठ्ठ्या दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीतून, माजी विद्यार्थ्यांना जाणारी पत्रके तिसरीकडून, असा पसारा वाढलेला असतो. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लिहिले तर तोतयांबरोबर ही खरी पत्रेही नाकारली जातील. म्हणून काही आठवडे ‘नन’ ठेवावे, पत्रे स्वीकारणाऱ्या कंपन्यांकडून येणारे अहवाल वाचावेत, राहून गेलेल्या खऱ्या सेवांची यादीत व शिक्क्यांत सोय करावी आणि मग क्रमाने कडक आदेशाकडे जावे, असा मार्ग आहे.

आपल्याकडे चौकशी समित्यांचा जो अनुभव आहे, तो येथे जगभर येत आहे. समिती नेमणे हेच कार्य मानले जाते. अहवाल येतो, तो कपाटात जातो आणि मूळ प्रश्न जेथल्या तेथे राहतो. डीमार्कचा ‘नन’ आदेश लिहून ठेवणाऱ्या संस्थांचे तेच होते. नोंद केली एवढ्यावर समाधान मानले जाते, अहवाल एखाद्या न उघडल्या जाणाऱ्या पेटीत साचत राहतात आणि पाहणीचा काळ वर्षानुवर्षे संपत नाही. तोतयाला त्यामुळे कसलाच अडथळा होत नाही, कारण घेणाऱ्या संगणकाला संस्थेनेच काही करू नका असे सांगितलेले असते.

याचा फायदा कोण घेतो, हे २ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या तपास आणि सुरक्षा यंत्रणांनी काढलेल्या संयुक्त इशाऱ्यावरून दिसते. उत्तर कोरियाचे किमसुकी या नावाने ओळखले जाणारे पथक पत्रकार, प्राध्यापक आणि पूर्व आशियाचे अभ्यासक यांच्या नावाने पत्रे धाडून परराष्ट्र धोरणाविषयीची माहिती काढून घेत होते. ज्या संस्थांच्या डोमेनला डीमार्क नोंदच नव्हती, किंवा होती पण ‘नन’ आदेशावर थांबलेली होती, त्यांची नावे या पथकाने वापरली, असे त्या इशाऱ्यात म्हटले होते. विद्यापीठाच्या नावाला समाजात जी प्रतिष्ठा असते, तीच हेरांच्या कामी आली. आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे, असा प्रश्न शिक्षणसंस्थांतून विचारला जातो, त्याचे उत्तर या घटनेत आहे. चोरण्यासारखे त्यांचे नाव आहे.

नियम कोणी घालावा?

या बाबतीत सरकारांनी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बंधनकारक आदेश काढून केंद्र सरकारच्या नागरी खात्यांना ९० दिवसांत पाहणीची डीमार्क नोंद करण्यास आणि एका वर्षात ‘रिजेक्ट’पर्यंत जाण्यास सांगितले. पाहणीला मुदत घातली, हे त्या आदेशाचे मोठे वैशिष्ट्य होय. मुदत नसलेली पाहणी ही पाहणी राहत नाही, हे त्या खात्याने ओळखले होते.

उर्वरित जगाला मात्र सरकारांऐवजी दोन खासगी कंपन्यांनी हलविले. गुगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. जीमेलच्या खात्यांकडे दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या, तर लहान प्रेषकांना यादी किंवा शिक्का यांपैकी एक तरी आवश्यक ठरला. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये मोठ्या प्रेषकांसाठी असेच पाऊल उचलले. जे काम समजावून सांगून वीस वर्षांत झाले नव्हते, ते आपली पत्रे पोचणार नाहीत या भीतीने काही महिन्यांत होऊ लागले. परिणाम स्वागतार्ह असला तरी त्यातून निघणारा अर्थ सुखद नाही. सार्वजनिक व्यवहाराचे नियम लोकांना उत्तरदायी असलेल्या संस्थांनी घालून दिले नाहीत, तर ते काम बाजारातील बलिष्ठ कंपन्या करतात, आणि आपल्या सोयीपुरतेच करतात. या सक्तीतही डीमार्कचा ‘नन’ आदेश पुरेसा मानला गेला. आपल्या पत्रपेटीत शिस्त यावी, एवढ्यापुरता त्यांचा हेतू पुरा झाला. एखाद्या महाविद्यालयाच्या नावाने विद्यार्थ्यांना लुबाडले जाऊ नये, ही चिंता त्या महाविद्यालयानेच वाहावयास हवी.

भारतात रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक लक्षणीय निर्णय जाहीर केला. बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ ही राखीव नावे ठरविण्यात आली, हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे नोंदणीचे काम सोपविण्यात आले आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली. ऐऱ्यागैऱ्याला बँकेसारखे दिसणारे नाव घेता येऊ नये, हा त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु राखीव नाव आणि त्या नावाचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्राच्या शिरोभागी राखीव नावही तोतयाला लिहिता येते. ते नाकारले जाते ते डीमार्कच्या कडक आदेशामुळे. शिवाय ज्या जुन्या नावांवर खातेदारांची वर्षानुवर्षांची श्रद्धा आहे, ती नावे मोकळी किंवा उघडी सोडली तर नव्या व्यवस्थेचा निम्मा लाभ वाया जाईल. ज्या डोमेनवरून आता एकही पत्र जाणार नाही, त्यालाही ‘या नावाने कोणालाच अधिकार नाही’ अशी यादी आणि ‘रिजेक्ट’ आदेश लावून ठेवता येतो. ओसाड घरालाही कुलूप लावावेच लागते. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांनी, ज्यांचे बहुसंख्य खातेदार छोटे दुकानदार आणि पगारदार आहेत, हे विशेष ध्यानात घेणे जरूर आहे.

याहून मूलभूत अडचण मात्र वेगळीच आहे. कित्येक शाळा, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्या आजही पत्रशीर्षावर एखाद्या मोफत सेवेचा पत्ता छापतात. तसा पत्ता कोणालाही पाच मिनिटांत घेता येतो. कचेरीच्या नावापुढे एखादा अंक जोडला की तोतया तयार होतो आणि त्याचे पत्र सर्व तपासण्यांतून सहीसलामत पार पडते, कारण ते खरोखरच त्या मोफत सेवेवरून आलेले असते. संस्थेला स्वतःचे डोमेनच नसेल तर शिक्का उठवायचा तरी कोणाच्या नावाचा?

आक्षेपांचा विचार

या नोंदींविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते सगळेच पोकळ नाहीत. एका पेटीत आलेले पत्र आपोआप दुसऱ्या पेटीकडे वळविले तर एसपीएफची तपासणी फसते, कारण पत्र आणून देणारा सर्व्हर यादीतला नसतो. अशा वेळी डीकेआयएमचा शिक्का उपयोगी पडतो, म्हणून एका नोंदीवर विसंबून चालत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या ग्राहकांच्या पत्त्यांना एकाएकी ‘रिजेक्ट’ आदेश लावला, तेव्हा सामूहिक चर्चेच्या ई-मेल याद्यांवर त्या ग्राहकांनी लिहिलेली खरी पत्रेही ठिकठिकाणी नाकारली गेली. याद्या पत्राच्या शेवटी आपली तळटीप जोडीत आणि त्यामुळे शिक्का मोडे. पुढे याद्यांनीच प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता लिहिण्याची रीत स्वीकारली. घाईने केलेला योग्य निर्णयही निरपराधांना त्रास देतो, एवढा बोध त्यातून घ्यावा. निर्णयच टाळावा असा नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, एवढे करूनही फसवणूक थांबत नाही. हे खरे आहे. मिळतेजुळते डोमेन विकत घेऊन त्यावर तिन्ही नोंदी निर्दोषपणे करणारे लबाड आहेत. एखाद्या कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द चोरीला गेला तर त्याच्या खात्यातून निघालेल्या पत्रावर संस्थेचा अस्सल शिक्का असतो. पत्र कोणत्या नावाने आले एवढेच या नोंदी सांगतात. पाठविणाऱ्याच्या मनात काय आहे ते सांगत नाहीत. अमेरिकेच्या एफबीआयकडे व्यापारी ई-मेलच्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी २०२३ मध्ये आल्या, त्यांतील हानीचा आकडा २९० कोटी डॉलरहून अधिक होता, आणि त्यांत या सर्व प्रकारच्या लबाड्या होत्या. परंतु चोर खिडकीतूनही येतो म्हणून दार उघडे ठेवावे, असा युक्तिवाद कोणी करीत नाही. संस्थेचे अस्सल नाव जसेच्या तसे वापरण्याचा मार्ग बंद झाला की लबाडाला मिळतेजुळते नाव घ्यावे लागते, आणि तेव्हा कोठे नागरिकाच्या नजरेला काही हेरता येते. सावधगिरीच्या उपदेशाला अर्थ प्राप्त होतो तो येथे.

तिसरा आक्षेप साधनांचा. लहान संस्थेला हे कोठून जमावे? वस्तुतः येथे पैशापेक्षा जबाबदारी ठरविण्याचा प्रश्न अधिक आहे. बहुतेक ठिकाणी डोमेनचा ताबा एका ठेकेदाराकडे, ई-मेल दुसऱ्याकडे आणि संकेतस्थळ तिसऱ्याकडे असते. त्यामुळे हे काम प्रत्येकाचे आणि म्हणून कोणाचेच नसते. शाळेच्या मुख्याध्यापकाने किंवा कचेरीच्या प्रमुखाने कराराच्या वेळी चार गोष्टी लेखी मागाव्यात. आमच्या नावाने कोण पत्रे पाठविते त्याची पूर्ण यादी; प्रत्येक सेवेच्या पत्रावर आमच्याच डोमेनचा, किमान २०४८ बिटांच्या किल्लीचा शिक्का; डीमार्कचे अहवाल वाचून त्यांचा सारांश देणारी एक नेमलेली व्यक्ती; आणि ‘रिजेक्ट’ आदेश कोणत्या तारखेला लागू होईल ती तारीख. यातले काहीही संगणकशास्त्राच्या पदवीशिवाय मागता येते. जावक नोंदवही ठेवणाऱ्या लिपिकाला या शिस्तीचा अर्थ कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा अधिक चांगला समजेल.

कायद्याचे बोट धरून हा प्रश्न सुटेल असे मानण्यातही अर्थ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड या कलमाखाली संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तोतया सापडला तर शिक्षा. आणि परदेशातील भाड्याच्या सर्व्हरवरून धाडलेल्या पत्राचा कर्ता सापडणे किती अवघड असते, हे पोलीस जाणतात. अपराध घडल्यानंतर धावणाऱ्या कायद्यापेक्षा तो घडण्याआधीच पत्र नाकारणारी एक ओळ अधिक परिणामकारक ठरते.

राज्य शासनाला या कामी पुढाकार घेण्यास काही अडचण असू नये. शासनाची खाती, विद्यापीठे आणि अनुदानित संस्था यांच्या डोमेनची गणना करावी, ‘रिजेक्ट’ आदेशासाठी मुदत ठरवावी आणि कोणी काम पुरे केले ते जाहीर करावे. या नोंदी मुळातच जाहीर असल्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाची नोंद संगणकावर काही क्षणांत पाहता येते. तेथे ‘नन’ आढळले तर ते का, असा प्रश्न त्याने अवश्य विचारावा. यापुढे एखाद्या संस्थेच्या नावाने फसवणूक झाली आणि ‘आमचा या पत्राशी संबंध नाही’ असा खुलासा आला, तर त्या खुलाशाबरोबर तिची डीमार्क नोंद काय सांगते, हेही तपासले गेले पाहिजे. ती नोंदच नसेल, किंवा काही करू नका असे सांगत असेल, तर संबंध नाही असे म्हणण्याचा अधिकार त्या संस्थेने गमावलेला असतो.